एका सामायिकात नऊ झाडं

मंचरच्या पेठेत सुमतीबाईंना माघारी ‘मुंगीभाभी’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. एकदा भर दुपारी आडतीच्या पायरीवरून मुंग्यांची रांग चालली होती. ती संपेपर्यंत सुमतीबाई पायरीखाली उन्हात उभ्या राहिल्या. मागे पाठीवर बटाट्याची गोणी घेतलेला हमाल खोळंबला.

“भाभी, मुंग्यांची जत्रा हाय व्हय? आमी कवा चढायचं?”

“जातील रे. त्यांनाही घरं आहेत,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत हे बोलणं पेठभर झालं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्यांचं माहेर घोडनदी गाव. १९६२ साली लग्न होऊन मंचरला आल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. पती पोपटलाल यांची कांदा-बटाट्याची आडत. दिवसाला दोन-दोन ट्रक माल जाई, पण त्यातला एक कांदा किंवा एक बटाटा कधी त्यांच्या स्वयंपाकघरात शिरला नाही. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकत. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं आणि फडक्यावर राहिलेले बारीक जीव पुन्हा विहिरीत नेऊन सोडायचे, हा सासरचा नेम सुमतीबाईंनी नळ आल्यावरही मोडला नाही. चातुर्मासात तर पाणी उकळूनच प्यायचं. आणि रोज सकाळी साडेसहाला स्थानकात, म्हणजे जैनांच्या प्रार्थनेच्या जागी, जाऊन सामायिक करायचं. सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं एका आसनावर बसायचं, तोंडाला मुहपत्ती, म्हणजे पांढऱ्या कापडाची घडी, बांधायची, संसाराचा विचार करायचा नाही आणि तेवढा वेळ कुठल्याही जिवाला आपल्यामुळे इजा होऊ द्यायची नाही. मुहपत्ती कशासाठी, असं कुणी विचारलं तर त्या सांगत, “आपल्या तोंडाच्या वाफेनंसुद्धा हवेतला जीव मरतो.”

१९८८ साली पोपटलालांनी हमरस्त्याच्या कडेला नवं घर बांधलं. पुढच्या कंपाउंडला लागून सुमतीबाईंनी कांचनाची नऊ रोपं लावून घेतली. ती लावली गेणभाऊंनी. गेणभाऊ लोणीचे. थोडी कोरडवाहू जमीन भावाकडे सोपवून ते मंचरला एका रोपवाटिकेत कामाला आले आणि तिथून या घरी. खोली मंचरातच घेतलेली, रविवारी एसटीने लोणीला जायचे. वयाने सुमतीबाईंपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठे, पण हाक ‘भाभी’ म्हणूनच मारायचे.

घरातले नेम गेणभाऊंनी कुणी न शिकवता उचलले होते. आळ्यात पाणी सोडण्यापूर्वी ते काडीने माती हलवत, गांडूळ दिसलं तर उचलून बाजूला ठेवत. “भाभीचं गिऱ्हाईक हाय, जपाया पायजे,” असं म्हणत आणि स्वतःच हसत. दहा वर्षांत झाडं गच्चीला टेकली. दिवाळीनंतर ती गुलाबी-जांभळ्या फुलांनी भरून जात. पुण्या-नाशकाच्या गाड्या थांबत, माणसं उतरून फोटो काढत. सुमतीबाई खिडकीच्या पडद्याआडून ते पाहत आणि त्या दिवशी सामायिकात त्यांचं मन जरा कमी लागे.

१९९८च्या जुलैत पानं बिघडली. आधी दोन झाडांवर, मग सगळ्या नऊ झाडांवर. पानावर चुन्याने गिरगटल्यासारख्या पांढुरक्या वाकड्या रेघा, मग त्यांचे फुगलेले डाग, मग पान तपकिरी होऊन कडेने वळायचं आणि खाली. गेणभाऊंनी एक पान तोडलं आणि उन्हाच्या समोर धरलं.

“हे बघा भाभी. पानाला दोन कातडी असत्यात, वरचं अन् खालचं. ही नागअळी दोन्हीच्या मधी राहती. आतल्या आत खात फिरती, म्हणून ही रेघ. दिसती का?”

दिसत होती. तिळाहून लहान, फिकट पिवळी, पानाच्या आत हळूच सरकणारी.

“मग पुढे काय होतं हिचं?”

“पाखरू व्हतं. चांदीच्या रंगाचं, तांदळाच्या कणीएवढं. संध्याकाळी फांद्या हलवल्या की उडत्यात, बघा कवातरी.”

“जाईल का ही?”

“औषध मारलं तर जाईल. पण वरून अंगावर पडून मरायची न्हाई, आत हाय ना ती. पानात मुरणारं औषध लागतं, लई जहाल. ते काय तुमच्यात चालायचं न्हाई.”

“नाही चालायचं.”

“मग ऱ्हाऊ द्या. यानं झाड मरत न्हाई. पान वंगाळ दिसतं तेवढंच. पानगळ झाली की नवी पालवी स्वच्छ येती.”

विषय तिथेच संपला. तसाच संपून राहिला असता तर बरं झालं असतं.

त्या वर्षी सुमतीबाईंनी पर्युषणाच्या पर्वात अठ्ठाई करायचं ठरवलं होतं. आठ दिवस अन्न नाही, नुसतं उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य असेपर्यंत. अशी तपस्या घरात असली की नातेवाईक, ओळखीपाळखीचे रोज येतात, सुखसाता म्हणजे खुशाली विचारतात, बायका जमून स्तवनं म्हणतात. त्यासाठी अंगणात मांडव पडायचा होता आणि मांडवावर सावली याच नऊ झाडांची. पर्युषण एकोणीस ऑगस्टला बसणार होतं.

नऊ तारखेला नारायणगावच्या मोठ्या जाऊबाई येऊन गेल्या. फाटकातून आत येता येताच त्यांनी मान वर केली.

“सुमती, झाडांनीपण अठ्ठाई धरली का गं? तुझ्याआधीच वाळली.”

“कीड आहे. जाईल आपोआप.”

“जाईल तेव्हा जाईल. आठ दिवस माणसं बसणार खाली. तुझ्या डोक्यावर टपटप पानं पडतील, फोटोत बरं दिसेल,” जाऊबाई हसल्या. “लोक म्हणतील, मुंगीभाभीनं किड्यांना जेवायला घातलं आणि स्वतः उपाशी बसली.”

सून सिद्धी चहा घेऊन आली होती, तीही हसली. सुमतीबाईंनाही हसावं लागलं. पण रात्रभर त्यांना ते बोलणं टोचत राहिलं. आपल्या तपस्येची चेष्टा होईल, यापेक्षा तपस्येचा फोटो वाईट येईल याची त्यांना जास्त काळजी वाटत होती. ही गोष्ट त्यांनी पुढे कुणाला सांगितली नाही, पण स्वतःपासून लपवलीही नाही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, गेणभाऊ पाइप गुंडाळत होते. सुमतीबाई फाटकापाशी आल्या.

“गेणभाऊ, एकोणीसपासून माणसं येणार. झाडं जरा बरी दिसायला हवीत.”

“भाभी, त्याला औषधाबिगर...”

“तुम्हाला त्यातलं कळतं. मला काही सांगू नका.”

गेणभाऊंनी पाइप खाली ठेवला आणि त्यांच्याकडे पाहिलं. सुमतीबाईंनी झाडांकडे पाहिलं.

“उद्या साडेसहाला मी स्थानकात असते,” त्या म्हणाल्या. “सव्वासातनंतर येते.”

“रोज तसंच असतं की,” गेणभाऊ सावकाश म्हणाले. मग जरा थांबून, “बरं.”

बाजूला दोरीवरचे कपडे काढत सिद्धी उभी होती.

हिंसा तीन प्रकारची असते, हे सुमतीबाई नऊ वर्षांच्या असताना घोडनदीच्या पाठशाळेत शिकल्या होत्या. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि दुसरा करत असताना त्याला मनाने मान्यता देणं. तिन्हींचं पाप सारखं. हे त्यांनी पुढे शेजारपाजारच्या कितीतरी मुलींकडून पाठ करून घेतलं होतं. त्या संध्याकाळी मात्र त्या स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या, की आपण औषध हा शब्द उच्चारलासुद्धा नाही.

मंगळवार उघडीपीचा निघाला. सुमतीबाई आसन आणि मुहपत्ती घेऊन सव्वासहाला घराबाहेर पडल्या. गेणभाऊ रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीशी उभे होते, पायाशी पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. दोघांची नजरानजर झाली आणि दोघांनीही ती काढून घेतली.

गेणभाऊंनी रोपवाटिकेत पंधरा वर्षं फवारणी केली होती. एवढ्या झाडांना निम्मा दिवस लागतो, वारा बघून उभं राहायचं, तोंडाला फडकं बांधायचं, पंप गळत नाही ना हे आधी साध्या पाण्याने तपासायचं, हे सारं ते जाणत होते. पण त्या दिवशी त्यांच्याजवळ एक सामायिक एवढाच वेळ होता. भाभी परत येईपर्यंत काम उरकून पंप दिसेनासा करायचा होता. पंप उसना आणलेला, त्याचं झाकण सैल होतं. उंच फांद्यांसाठी मान वर करून फवारा मारायचा, आणि वारा फिरला की तोच फवारा तोंडावर यायचा. फडकं बांधायचं राहूनच गेलं. त्याच वेळी, तीन गल्ल्या पलीकडे, हवेतला जीव मरू नये म्हणून सुमतीबाई तोंडाला मुहपत्ती बांधून बसल्या होत्या.

त्या परतल्या तेव्हा सात वाजून बावीस मिनिटं झाली होती. कोपऱ्यावरूनच उग्र वास आला. गेणभाऊ नळाखाली हात धूत होते. सदरा पाठीवर ओला होता.

“झालं पाणी घालून?” सुमतीबाईंनी विचारलं.

“झालं,” गेणभाऊ म्हणाले.

त्या पाय धुऊन आत गेल्या.

नऊच्या सुमाराला सिद्धी धावत आत आली. गेणभाऊ फाटकाशी बसले होते, ओकत होते, तोंडातून लाळ थांबत नव्हती, बोलायला जात होते ते बोलता येत नव्हतं. आडतीवरची जीप आली आणि त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. सिद्धीने शहाणपणाने पोत्यातली औषधाची बाटली शोधून डॉक्टरांकडे धाडली, त्यामुळे उपचार लगेच झाले. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

दुपारी पोपटलाल घरी आले. ते संतापी नव्हते, पण त्या दिवशी टोपी काढून टेबलावर आपटली.

“कुणी सांगितलं होतं त्याला? आपल्या दारात, चातुर्मासात, विष फवारायचं?”

सिद्धीने पोळी लाटता लाटता हात थांबवला आणि सासूकडे पाहिलं.

“त्यालाच वाटलं असेल,” सुमतीबाई म्हणाल्या.

सिद्धीचं लाटणं पुन्हा फिरायला लागलं. जरा जोरातच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमतीबाई झाडांखाली गेल्या. रेघांची पानं तशीच होती. आतली अळी मेली तरी रेघ पुसली जात नाही, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. खोडापासून भिंतीपर्यंत मुंग्यांची रांग होती. रांग हलत नव्हती. त्या कितीतरी वेळ तिथे उभ्या राहिल्या, रांग संपायची वाट पाहिल्यासारख्या. मग त्यांनी स्वतः केरसुणी आणली.

शुक्रवारी दुपारी गेणभाऊंची बायको साळुबाई आली. नवऱ्याच्या उशाशी तीन दिवस बसून ती सरळ तिथूनच आली होती. लुगडं चुरगळलेलं, डोळे सुजलेले. ती ओट्याच्या खालीच उभी राहिली, वर चढेना.

“वर या ना साळुबाई. कसे आहेत ते?”

“बरं हाय. उद्या सोडत्यात. मी लोणीला नेते.” मग तिने दोन्ही हात जोडले. “भाभी, आमच्या माणसानं तुमच्या दारात जीव मारले. तुमचा नेमाचा महिना. त्यांना कळाया पायजे व्हतं, एवढी वर्सं तुमच्यात काढली. शेठ लई रागावलं म्हणत्यात. माफी करा.”

सुमतीबाईंच्या समोर तेव्हा सारं होतं. आडपडदा नव्हता, ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं.

“असू दे,” त्या म्हणाल्या.

साळुबाईने पदराने डोळे पुसले. “तुमी म्हणून एवढं मोठं मन,” असं म्हणून ती गेली.

अठ्ठाई बसली. आठही दिवस मांडव भरलेला होता. माणसं येत, सुखसाता विचारत, सुमतीबाईंच्या धीराची तारीफ करत. जाऊबाई तीनदा आल्या. खराब पानं बरीच गळून गेली होती, झाडं विरळ पण हिरवी दिसत होती. जाऊबाई म्हणाल्या, “बघ, तुझ्या तपस्येनं झाडंसुद्धा सुधारली.” बायकांनी माना डोलावल्या. सुमतीबाईंना भुकेचा त्रास पहिल्या दिवसापासून झालाच नाही. 

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीच्या संध्याकाळी, स्थानकात वर्षभराच्या दोषांचं प्रतिक्रमण झालं. चौऱ्याऐंशी लाख योनींतल्या जिवांची क्षमा मागून झाली. मग सगळे एकमेकांपुढे हात जोडून ‘खमतखामणा’ म्हणत फिरू लागले. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर माफ करा. सुमतीबाई नणंदांना म्हणाल्या, भाडेकरूंना म्हणाल्या, ज्यांच्याशी वर्षभरात दोन शब्दही झाले नव्हते अशा बायकांना म्हणाल्या. शेवटी सिद्धी समोर आली, वाकून पाया पडली.

“खमतखामणा, मम्मी.” आणि उठताना हळू आवाजात, “लोणीला कोण जाणार?”

सुमतीबाईंनी नुसते हात जोडले. पण गुरुवारी पारणं झालं, शुक्रवारी त्यांनी अंगात जरा त्राण येऊ दिलं, आणि शनिवारी सकाळी पोपटलालांना म्हणाल्या, “मी गेणभाऊंना बघायला जाते.”

“जीप देतो.”

“नको. एसटीने जाईन.” मग चप्पल घालता घालता, त्यांच्याकडे न बघता, “फवारायला मीच सांगितलं होतं.”

पोपटलाल टोपी हातात धरून उभे राहिले. त्यांनी काय उत्तर दिलं ते ऐकायला त्या थांबल्या नाहीत.

लोणीचं घर गावाच्या टोकाला होतं. गेणभाऊ पडवीत बाजेवर बसले होते. अठरा दिवसांपूर्वी फांदीला लोंबकळणारा माणूस हाच, हे सांगावं लागलं असतं. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता आणि थरथरत होता. साळुबाई शेजारी सुपात मटकी निवडत होती. सुमतीबाईंना पाहून ती गडबडीने उठायला लागली.

“बसा साळुबाई. तुम्हीपण ऐका.”

गेणभाऊंना पुढचं समजलं असावं. ते घाईने म्हणाले, “भाभी, लई उन्हाचं आलात. अठ्ठाई नीट झाली न्हवं?”

“गेणभाऊ, औषध मारायला तुम्हाला मी सांगितलं.”

“तुमी कुठं सांगितलं? तुमी तर म्हणालात, मला सांगू नका.” ते हसले. एका बाजूनेच हसले. “मलाच घाई नडली. झाकण सैल, वारा उलटा. अन् खरं सांगू का, निम्मी पानं रिकामीच व्हती. पाखरं कवाच उडून गेलती. लई काय मेलं नसंल. तुमी मनाला लावून घेऊ नका.”

“घाई मीच लावली. मी येण्याच्या आत व्हावं म्हणून वेळ सांगून गेले. घरात विचारलं तेव्हा तुमच्यावर ढकललं.” त्यांनी हात जोडले. खमतखामणा हा शब्द ओठांवर आला होता, पण तो गेल्या तीन दिवसांत एवढ्या जणांना वाटून झाला होता की त्यांना तो इथे वापरवेना. “माझी चूक झाली. मला माफ करा, असं म्हणायला आलेय. केलंच पाहिजे असं नाही.”

गेणभाऊ थरथरता हात दुसऱ्या हाताने धरून बसले. सुपातला हात थांबवून साळुबाई त्यांच्याकडे बघत होती. 

“मंग त्या दिशी तुमी ‘असू दे’ का म्हणालात?” तिने विचारलं.

आवाज चढवलेला नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

“तू गप ना,” गेणभाऊ म्हणाले.

“गप कशापायी? मी तीन दिस यांना शिव्या देत बसले, दवाखान्यात, तोंडावर. की आमच्या भाभीला बाटवलंत म्हणून. अन् यांना शुद्ध न्हाई. अन् मी यांच्या वतीनं हात जोडून आले.” ती सुमतीबाईंकडे वळली. “तवा का न्हाई बोललात?”

सुमतीबाईंकडे उत्तर होतं. पण ते एवढंच होतं, की तुम्ही हात जोडलेत तेव्हा मला बरं वाटलं. हे त्या माणसांच्या घरात बसून त्यांना बोलता येईना. त्यांनी मान खाली घातली. पन्नाशी ओलांडलेली बाई, शाळेत उभं केलेल्या मुलीसारखी बाजेच्या कडेला बसून राहिली.

साळुबाईने सूप बाजूला ठेवलं आणि ती आत गेली. ती आता बाहेर येणार नाही असं सुमतीबाईंना वाटलं. आतून भांड्याचा आवाज आला, मग चुलीत काटक्या मोडल्याचा. गेणभाऊ पावसापाण्याचं काहीबाही बोलत राहिले. अर्ध्या तासाने साळुबाई बाहेर आली. हातात पितळी तांब्या होता, वर दुहेरी घडीचं पांढरं फडकं.

“गाळून उकळलंय. गार केलंय,” ती म्हणाली. “तुमचा चातुर्मास हाय.”

तिने पेला पुढे केला. सुमतीबाईंनी तो घेतला. त्या तो पूर्ण प्यायल्या.

गेणभाऊ पुन्हा कामाला आले नाहीत. पंप तर त्यांनी कधीच उचलला नाही, हात तसाच राहिला. सुमतीबाईंनी जाऊबाईंना आणि स्थानकातल्या बायकांना काय झालं होतं ते सांगून टाकलं. पुढच्या वर्षापासून ‘मुंगीभाभी’ हे नाव पेठेत ऐकू येईनासं झालं. कुणी थांबवलं नव्हतं, लोकांनीच सोडलं. दर पावसाळ्यात कांचनाच्या पानांवर पांढऱ्या रेघा यायच्या, पानगळीबरोबर जायच्या. २००३ साली हमरस्ता रुंद झाला तेव्हा त्यातली पाच झाडं गेली. उरलेल्या चारांवरही रेघा येतच राहिल्या.

संवत्सरीनंतरच्या शनिवारी त्या दर वर्षी एसटीने लोणीला जात राहिल्या. गेणभाऊ दर वर्षी म्हणत, “भाभी, किती वर्सं तेच धरून बसायचं?” साळुबाई मात्र तसं काही बोलली नाही. त्या आल्या की ती उठायची, चुलीवर पाणी ठेवायची आणि फडक्याची घडी घालायला बसायची.